टाकीचं झाकण उघडण्याआधी: घरी बांधलेल्या विमानात पेट्रोल भरताना काच कशी जपायची

घरी बांधलेल्या बऱ्याच छोट्या विमानांत इंधनाची टाकी फायरवॉल (इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधली आगरोधक भिंत) आणि इन्स्ट्रुमेंट पॅनेल यांच्या मधे असते. पंप नसला तरी पेट्रोल आपल्या वजनाने इंजिनपर्यंत उतरावं, हा त्यामागचा हेतू. पण त्यामुळे टाकी भरायचं तोंड विंडस्क्रीनच्या पायथ्यापासून जेमतेम वीतभर अंतरावर येतं. झाकण उघडलं, नळी हातात आली की दोन्ही हात अडकतात आणि मग फडकं शोधायला वेळ नसतो. काच जपायची सगळी कामं त्यामुळे झाकण बंद असतानाच उरकायची असतात.

सर्वांत आधी आपली काच कशाची आहे ते बांधणीच्या नोंदींतून पक्कं करा. म्हणताना काच म्हणतो, पण ती असते अॅक्रिलिकची नाहीतर पॉलिकार्बोनेटची, आणि पेट्रोल दोघांचंही वैरी आहे. अॅक्रिलिकवर केसासारख्या बारीक भेगांचं जाळं उमटतं. त्याची सुरुवात जिथे ताण असतो तिथून होते: स्क्रूच्या भोकांभोवती, कापलेल्या कडांवर, न तापवता जबरदस्तीने वाकवलेल्या भागात. पॉलिकार्बोनेट हातोडीचा घाव सोसतं, पण ताणाखाली असताना त्यावर पेट्रोल पडलं तर ते आरपार तडकू शकतं. त्यावर कठीण लेप असेल तर फक्त सपाट पृष्ठभाग वाचतो. भोकांच्या आत आणि कडांना लेप नसतो, आणि ओघळ नेमके तिथेच जाऊन थांबतात. अॅक्रिलिकचे स्क्रू करकचून आवळलेले असतील तर धोका वाढतो. भोक स्क्रूपेक्षा सुमारे 3 मिमी मोठं आणि नट घट्ट करून एक पूर्ण फेरा सैल, ही जुनी रीत पेट्रोलच्या दृष्टीनेही शहाणपणाची आहे.

मग विमान उभं कसं आहे ते पाहा. शेपटीकडे चाक असलेलं विमान नाक वर करून उभं राहतं, म्हणजे सांडलेला प्रत्येक थेंब मागे, थेट काचेच्या पायथ्याशी धावतो. टाकीचं तोंड मागच्या टोकाला असेल तर टाकी पूर्ण भरण्याआधीच पेट्रोल तोंडाशी येतं. नाकाखाली चाक असलेल्या विमानात हा त्रास कमी, पण उतारावर उभं केलं तर तोच प्रकार. त्यामुळे सपाट जागा निवडा, चाकांना अडसर लावा, मास्टर (विजेचा मुख्य स्विच) आणि मॅग्नेटो (इंजिनला ठिणगी पुरवणारं यंत्र) बंद करा, किल्ली काढून घ्या. कॅनोपी (कॉकपिटवरचं पारदर्शक छत) लावून कुलूपबंद करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि उघड्या कॉकपिटमध्ये उतरून तळाशी बसते. इंजिन गरम असेल तर थांबा. अग्निशामक हाताशी पण वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवा.

किती भरायचं हा आकडा आधी कागदावर हवा. टाकी 40 लिटरची आहे आणि मोजपट्टी 14 लिटर दाखवते, असं समजा. 38 लिटरवर थांबायचं ठरलं तर 24 लिटर लागणार, आणि कॅनमध्ये 24 लिटरच मोजून घ्यायचं. काठोकाठ भरण्याचा मोह टाळा. पेट्रोल दर अंश सेल्सिअसला साधारण 0.1 टक्का फुगतं. थंड पेट्रोल भरून विमान उन्हात ठेवलं आणि ते 20 अंशांनी तापलं तर 40 लिटरमागे जवळपास 0.8 लिटर वाढ होते, आणि ते हवेच्या नळीतून किंवा झाकणाखालून बाहेर येतं. वरची 2 लिटर जागा त्यासाठी सोडायची. आपोआप बंद होणाऱ्या नोझलवर उथळ टाकीत भरवसा ठेवू नका. तिथे फेस उसळतो आणि नोझल बंद होण्याआधीच पिचकारी बाहेर येते.

आता आच्छादन. इथे सर्रास चूक होते, आणि ती चांगल्या हेतूने होते. काचेवर सुती टॉवेल टाकला की काम झालं असं वाटतं. उघड्या काचेवर पडलेला थेंब थोड्या वेळात उडून जातो, पण टॉवेलमध्ये मुरलेलं पेट्रोल काचेला चिकटून बराच वेळ तिथेच राहतं. म्हणजे टॉवेलने नुकसान वाढलं. आच्छादन दुपदरी हवं: आतून धुतलेलं मऊ फ्लॅनेल, बाहेरून पेट्रोल न शोषणारा पॉलिथिनचा जाड पदर, आणि बाहेरचा पदर खाली फ्लॅनेलपेक्षा किमान 10 सेंमी लांब, म्हणजे ओघळ आतल्या कापडाला शिवणार नाही. मऊ, लवचिक व्हिनाइल वापरू नका. त्यातलं प्लास्टिसायझर (मऊपणा आणणारं रसायन) अॅक्रिलिकमध्ये उतरू शकतं. शिवणीवर धातूची बटणं किंवा चेन नको.

त्याहून उपयोगी वस्तू म्हणजे टाकीच्या तोंडाभोवती बसणारा गळपट्टा. नायट्राइल रबराच्या चौकोनी तुकड्याला तोंडापेक्षा किंचित लहान भोक पाडायचं, तो तोंडावर ताणून बसवायचा आणि त्याची एक बाजू विमानाच्या कुशीकडे उतरती ठेवायची. थेंब मग काचेकडे न जाता बाजूने जमिनीकडे जातात. काचेच्या पायथ्याच्या 5 सेंमी पुढे शोषक कापडाची वळकटी आडवी चिकटवली तर दुसरा बांधही तयार. ही वळकटी काचेला टेकता कामा नये. तोंडाभोवती निचऱ्याची वाटी असेल तर झाकण बंद असताना तिच्यात अर्धा कप पाणी ओतून ते पोटाखालच्या नळीतून बाहेर येतंय का ते पाहा. धुळीने ती नळी बुजलेली असणं ही नेहमीचीच गोष्ट.

आच्छादन आधी, अर्थिंग नंतर, झाकण सर्वांत शेवटी. प्लास्टिक अॅक्रिलिकवर घासलं की स्थिर वीज तयार होते, त्यामुळे उघड्या टाकीशेजारी पदर ओढणं किंवा सारखा करणं बंद. याच कारणाने भरण्याआधी काच कोरड्या फडक्याने पुसायची नाही. अर्थिंगची तार उघड्या धातूला लावा. एग्झॉस्ट पाइप सोयीचा पडतो, रंगवलेला भाग चालत नाही. टाकी फायबरग्लासची असेल तर तोंडाची धातूची कडी इंजिनशी खरोखर जोडलेली आहे का ते मल्टिमीटरने एकदा तपासून ठेवा. नरसाळं धातूचं किंवा वीजवाहक प्लास्टिकचं, त्यात पाणी अडवणारी जाळी, आणि तेही तारेने जोडलेलं. नोझल आधी बंद झाकणाला टेकवायचं, मग झाकण उघडायचं, आणि भरून होईपर्यंत धातूचा धातूला स्पर्श सुटू द्यायचा नाही.

काचेवर ओरखडे पेट्रोलने पडत नाहीत, माणसांमुळे पडतात. घड्याळ, अंगठी, कमरेच्या पट्ट्याचं बक्कल, खिशातला पेन, गळ्यातलं ओळखपत्र हे सगळं उतरवून बाजूला ठेवा. उभं राहायचं ते काउलिंगच्या (इंजिनवरच्या आवरणाच्या) बाजूला, प्रोपेलरच्या फिरण्याच्या रेषेबाहेर. काचेच्या मागून वाकून हात पुढे करायचा नाही, कारण तोल गेला की हात काचेवरच टेकतो. नळी नाकाच्या बाजूने आणा आणि खांद्यावरून घ्या, म्हणजे तिची वजनदार तोटी काचेवरून लोंबणार नाही. कॅनने भरत असाल तर 20 लिटरचा कॅन उचलू नका. नुसतं अॅव्हगॅसच (विमानाचं पेट्रोल) 14 किलोंच्या वर भरतं, आणि ते छातीच्या उंचीवर धरून बारीक धार ओतणं दोन मिनिटांतच अंगाशी येतं. 10 लिटरचे कॅन घ्या, किंवा कॅन टाकीपेक्षा उंच, न डगमगणाऱ्या घोडीवर ठेवून सायफन लावा. सायफनची नळी बाहेर काढताना तिच्यात उरलेलं पेट्रोल हमखास सांडतं. वरचं टोक कॅनमधून आधी उचला, नळी टाकीत रिकामी होऊ द्या, टोकाला कापड लावा, मगच ती हलवा. उंच पंखांच्या विमानात तोंड पंखात असतं, पण ओघळ पंखाच्या मुळावरून त्याच काचेवर येतो. तिथे शिडीची वरची टोकं फोमने गुंडाळा.

एवढं करूनही सांडण्याची सोय हवीच. साध्या पाण्याने भरलेली 2 लिटरची बाटली, दुसऱ्या बाटलीत लिटरभर पाण्यात भांड्याच्या साबणाचे काही थेंब, आणि पिशवीत बंद ठेवलेली दोन स्वच्छ मायक्रोफायबर फडकी जवळ ठेवा. काचेवर पेट्रोल पडलं तर ओतणं थांबवा आणि आधी झाकण लावा, नाहीतर पाणी टाकीत जाईल. मग वरून भरपूर पाणी सोडा, नंतर साबणाचं पाणी घेऊन उघड्या हाताने धुवा. हाताला खडा लागतो, फडक्याला लागत नाही. पायथ्याच्या फटीत आणि स्क्रूंच्या डोक्यांभोवती दुप्पट पाणी घाला. घरच्या काचा पुसायचा फवारा, अल्कोहोल, अॅसिटोन, थिनर यातलं काहीही नको. तेही अॅक्रिलिक मऊ करून भेगा पाडतात. अॅव्हगॅस 100एलएल निळं असतं आणि सुकताना निळसर डाग सोडतं, त्यावरून ओघळ कुठवर गेला ते कळतं. काच सुकल्यावर तिरप्या उजेडात भोकांभोवती पाहा. चमचमणाऱ्या रेषा दिसल्या तर टोकं पेन्सिलने खुणवून ठेवा. खूण ओलांडून भेग पुढे गेली की त्या काचेवर उड्डाण नाही. विमान सांडलेल्या जागेपासून हाताने ढकलून दूर न्या, कॉकपिट उघडून वारा लागू द्या, आणि वास पूर्ण गेल्यावरच मास्टर चालू करा.

झाकण लावताना त्याचं रबरी वॉशर बोटाने चाचपा. इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये काही रबरं फुगतात आणि झाकण बसल्यासारखं वाटून बसलेलं नसतं. झाकणातच हवेची नळी असेल तर तिचं तोंड पुढे आणि मोकळं हवं. सैल झाकणाखालून उडताना निसटलेलं पेट्रोल थेट समोरच्या काचेवर येतं, आणि तेव्हा पाण्याची बाटली जमिनीवर असते. पंधरा-वीस मिनिटं थांबून तळाच्या ड्रेनमधून पारदर्शक बाटलीत नमुना काढा आणि रंग व तळाचे पाण्याचे मणी पाहा. झाकण पक्कं झाल्यावरच आच्छादन काढा. ओढून नाही, उचलून. मग ते बाहेर वाळवा. पेट्रोलचा वास मारणारं आच्छादन रात्रभर काचेवर घालून ठेवायचं नाही.