शिट्ट्या मोजून डाळ शिजत नाही: कुकर वापरताना या चुका टाळा

वरणाची डाळ शिजली की नाही, हे बहुतेक घरांत शिट्ट्यांच्या संख्येवर ठरवले जाते आणि डाळ कच्ची राहणे, पाणी उतू येणे, गॅस जास्त लागणे या तक्रारींची सुरुवात बरेचदा तिथूनच होते. आतील वाफेचा दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की शिट्टीचे वजन उचलले जाते आणि जादा वाफ बाहेर पडते. शिट्टी एवढेच सांगते. घरगुती कुकरमधील दाब साधारणपणे वातावरणापेक्षा दर चौरस सेंटिमीटरला १ किलोने अधिक असतो आणि त्या दाबाला पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते. हे तापमान शिट्टीच्या वजनाने ठरते, ज्योतीने नव्हे. म्हणून पहिली शिट्टी झाल्यावरही आच मोठी ठेवली, तर डाळ लवकर शिजत नाही. फक्त शिट्ट्या भराभर होतात आणि कमी वेळात पाच शिट्ट्या मोजून गॅस बंद केलेली डाळ बोटचेपी होत नाही.

यात इंधनही वाया जाते. एक ग्रॅम पाणी शून्यापासून उकळीपर्यंत तापवायला १०० कॅलरी लागतात, तर त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला सुमारे ५४० कॅलरी लागतात. तेव्हा पहिल्या शिट्टीनंतर आच इतकी मंद करावी की दाब टिकेल, पण शिट्टी क्वचितच होईल, आणि पुढे घड्याळ पाहावे. आपल्या कुकरला, आपल्या डाळीला किती मिनिटे लागतात हे एकदा लिहून ठेवले, तर रोजचा अंदाज चुकत नाही.

सुटी शिट्टी असलेल्या कुकरमध्ये आणखी एक चूक सर्रास होते: झाकण लावताच शिट्टी बसवणे. आत हवा अडकली तर दाबातील काही वाटा हवेचा असतो आणि तितकाच दाब असूनही तापमान कमी राहते. नळीतून वाफेची सलग धार येऊ लागल्यावरच शिट्टी बसवावी.

वेळ पुरेसा देऊनही डाळ बोटचेपी होत नसेल, तर पाण्याकडे पाहावे. बोअरवेलच्या जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीतील पेक्टिनशी, म्हणजे तिच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणाऱ्या पदार्थाशी, जोडले जाऊन त्याला घट्ट धरून ठेवतात. चिंच, आमसूल किंवा टोमॅटोतील आम्लामुळेही पेक्टिन सहज विरघळत नाही. आंबट पदार्थ फोडणीच्या वेळीच घालावेत आणि डाळ आधी भिजवावी. चिमूटभर सोड्याने डाळ मऊ होते खरी, पण त्यात ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते, म्हणून रोजच्या वरणात तो टाळलेलाच बरा.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र हयगय चालत नाही. डाळ फेसाळते, त्यामुळे ती थेट कुकरमध्ये शिजवताना पाण्यासह अर्ध्यापेक्षा जास्त भरू नये. फेसाबरोबर वर आलेली साले नळीत अडकली तर वाफेची वाटच बंद होते. प्रत्येक वेळी नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का ते पाहावे. वाफ झाकणाच्या कडेने जाऊ लागली, तर रबरी रिंग कडक झाली आहे असे समजून ती बदलावी.

डेनिस पापिन यांनी १६७९ मध्ये लंडनमध्ये दाबाखाली अन्न शिजवणारे भांडे दाखवले आणि त्याला वजनदार तरफेची सुरक्षा झडप जोडली, कारण अडकलेल्या वाफेचा धोका त्यांच्या ध्यानात आला होता. आजच्या अनेक कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू असतो. पाणी आटले किंवा नळी तुंबली की तो वितळून वाफेला वाट करून देतो. तो एकदा उडाल्यावर त्या छिद्राला डाख देणे किंवा स्क्रू मारणे म्हणजे शेवटची वाटही बंद करणे होय. त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा नवा व्हॉल्व्ह बसवावा आणि तो का उडाला याचे कारण सापडेपर्यंत कुकर गॅसवर चढवू नये.