मुलांच्या वाकलेल्या पायांची शस्त्रक्रिया: या चुका टाळा

दीड वर्षाच्या मुलाच्या पायांना बाक दिसतो म्हणून ऑपरेशनची तारीख मागणारे आईवडील आणि ती द्यायला उत्सुक असलेला नवा सर्जन, दोघांनाही मी आधी थांबवतो. साधारण दोन वर्षांपर्यंत असा बाक नैसर्गिक असतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षी गुडघे उलट आत झुकतात आणि सातव्या वर्षाच्या सुमारास पाय मोठ्या माणसासारखे होतात. मात्र एकच पाय वाकला असेल किंवा बाक वाढतच चालला असेल, तर वाट पाहू नका.

खास बूट आणि मालिश: नैसर्गिक बाकाला गरज नाही, आजाराच्या बाकाला उपयोग नाही.

रक्त न तपासता हाडाला हात लावू नका. कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, ड जीवनसत्त्व, किडनीचं काम, एवढं तरी बघाच. मुडदूस (हाडं मऊ पडण्याचा आजार) असलेल्या लहान मुलाचे पाय पुष्कळदा नुसत्या औषधानं सरळ होतात. तो तसाच ठेवून हाड कापलं, तर बाक परत येतो. फॉस्फरस कमी असलेल्या आनुवंशिक मुडदुसात नुसतं ड जीवनसत्त्व पुरत नाही, हेही विसरलं जातं.

एक्स-रे उभं राहून, खुब्यापासून घोट्यापर्यंत आणि गुडघ्याच्या वाट्या समोर ठेवूनच काढायचा. तंत्रज्ञ पावलं सरळ करतो. पण ब्लाउंटच्या आजारात, म्हणजे नडगीच्या वरच्या टोकाची आतली बाजू नीट न वाढल्यानं पाय वाकतो त्यात, नडगी आतल्या बाजूला पिळलेली असते. त्यामुळे पावलं सरळ केली की गुडघे बाहेर वळतात आणि सगळे कोन चुकतात. फिल्मवर वाटी मधोमध दिसली नाही, तर मी एक्स-रे परत काढायला पाठवतो, कितीही कुरकुर झाली तरी.

आता मला सगळ्यात जास्त छळणारी चूक. वाढ शिल्लक असलेल्या मुलात गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, ग्रोथ प्लेटच्या (हाड जिथून वाढतं त्या कूर्चेच्या थराच्या) वर एक आणि खाली एक स्क्रू घालून छोटी धातूची प्लेट बसवतात. तिथली वाढ मंदावते, आतली बाजू वाढत राहते आणि पाय हळूहळू सरळ होतो. छेद लहान, चालणं लगेच, म्हणून सगळे निर्धास्त होतात. माझ्याकडे एक मुलगी आली होती, दुसरीकडे प्लेटा बसवलेली. पाय सरळ दिसू लागल्यावर घरच्यांनी तपासणी सोडली, आणि ‘या प्लेटा काढायच्या आहेत’ असं त्यांना कुणी ठासून सांगितलंच नव्हतं. ती आली तेव्हा चालताना गुडघे एकमेकांवर घासत होते. आधीचा बाक गेला आणि उलटा आला. आता आतल्या बाजूला प्लेटा घालाव्या लागल्या, म्हणजे पोरीला विनाकारण आणखी एक भूल. प्लेटेला थांबायचं कळत नाही, ते आपल्यालाच बघावं लागतं. मी दर तीन-चार महिन्यांनी बोलावतो आणि कुणी आलं नाही तर स्वतः फोन करतो. प्लेट काढल्यावरही, विशेषतः लहान मुलांत, बाक परतू शकतो. म्हणून वाढ संपेपर्यंत तपासणी चालू ठेवा.

प्लेट बसवताना हाडावरचं आवरण खरवडू नका. तिथली वाढ कायमची बंद पडू शकते. वाढ जेमतेम वर्षभराहून कमी उरली असेल, तर प्लेटेचा नाद सोडा. वजन जास्त असलेल्या किशोरांत पोकळ स्क्रू तुटतात. तिथे मी भरीव स्क्रू वापरतो.

लहानपणीच्या ब्लाउंट आजारात हाड कापून सरळ करायचं ठरलं, तर चौथ्या वर्षाच्या आत करा. उशीर झाला की बाक परत येण्याची शक्यता वाढते. नडगीबरोबर शेजारचं बारीक हाडही कापा, आणि आत सूज येऊन दाब वाढू नये म्हणून पोटरीच्या पुढच्या कप्प्याचं आवरण त्याच वेळी मोकळं करा. त्या रात्री मूल औषध देऊनही कळवळत असेल, बोटं ताणल्यावर किंचाळत असेल, तर ती आत दाब वाढल्याची खूण असू शकते; फोनवरून आणखी एक इंजेक्शन सांगून मोकळे होऊ नका. स्वतः जा, प्लास्टर उघडा, आणि अंगठा वर उचलता येतो का ते बघा.