दात कशानं घासता, मामी?

निपाणीच्या बाजूला मी आशा कार्यकर्ती म्हणून घरोघर फिरते. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा फॉर्म भरायचा असतो. सुरुवातीला सरळ विचारायची, "तंबाखू खाता का?" बायका म्हणायच्या, "छे गं, आमच्यात कोण खातंय?" आणि चुलीवर तंबाखू भाजल्याचा वास घरभर. आता विचारते, "दात कशानं घासता, मामी?" "मशेरीनं की!" मशेरी म्हणजे तंबाखूच. म्हणून कॅन्सरची तपासणी तोंडापासून सुरू करा.

चूळ भरा, कवळी असेल तर काढा. आरसा आणि मोबाईलची बॅटरी घ्या. ओठ उलटा करून बघा, गाल आतून बघा, जीभ वर उचलून खाली आणि दोन्ही कडांना बघा. मशेरी किंवा तंबाखूची गोळी जिथं ठेवता, ती जागा आधी. पांढरा वा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला तोंडातला फोड, किंवा आपलीच तीन बोटं उभी तोंडात न जाणं, यातलं काहीही दिसलं की दवाखाना. माझ्या सासूबाईंना एका शिबिरात कवळी न काढताच 'ठीक आहे' म्हणून पाठवलं होतं. पुढं उपकेंद्रात नर्सताई कन्नडमध्ये "बाय तगीरी", म्हणजे तोंड उघडा, म्हणाल्या, कवळी काढायला लावली, तर खाली पांढरा चट्टा. तुकडा तपासला, कॅन्सर नव्हता. मशेरीचा डबा मात्र त्याच दिवशी मी परसात उपडा केला.

दुसरी तपासणी गर्भपिशवीच्या तोंडाची, तीस ते पासष्ट वयाच्या बायकांची, दर 5 वर्षांनी. हिला सगळ्या घाबरतात. मीही गावाला सांगत फिरले आणि स्वतः चव्वेचाळिसाव्या वर्षी गेले! नर्सताई आत नळी घालून पिशवीच्या तोंडाला पातळ व्हिनेगर लावतात, मिनिटभर थांबतात. जागा पांढरी पडली तर पुढं पाठवतात. पांढरं म्हणजे कॅन्सर नव्हे. थोडं चुरचुरतं, बस्स. पाळीच्या दिवसांत जाऊ नका, उपाशी राहायची गरज नाही. मुंबईत टाटा हॉस्पिटलनं झोपडपट्टीतल्या बायकांवर ही तपासणी शिकवलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांकडून करवली, तर या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. पाळी गेलेल्यांना व्हिनेगरनं नीट दिसत नाही. त्यांनी तालुक्याच्या दवाखान्यात पॅप (पिशवीच्या तोंडाच्या पेशींची) किंवा एचपीव्ही (या कॅन्सरच्या विषाणूची) तपासणीची विचारणा करावी.

स्तनांची तपासणी नर्सताई हातानं करतात, तीही तिशीपुढं 5 वर्षांनी. पन्नाशीनंतर मॅमोग्राफीचं, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेचं, डॉक्टरांना विचारा. आई-बहिणीला स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर पन्नाशीची वाट बघू नका.

पुरुषमंडळी! तोंड तुमचंही बघायचं आहे, गुटखा आणि विडी दोन्हीवाल्यांचं तर आधी. पन्नाशीपुढचे, वर्षानुवर्षं रोज पाकीटभर ओढणारे असाल तर छातीच्या कमी किरणांच्या सीटी स्कॅनबद्दल विचारा. साधा एक्स-रे सुरुवातीचा गोळा चुकवतो. प्रोस्टेटची पीएसए ही रक्ताची तपासणी सगळ्यांनी करायची नाही, डॉक्टरांशी बोलून ठरवा. पंचेचाळिशीपुढं आतड्याच्या कॅन्सरसाठी शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी तपासणीही असते, पण आमच्या फॉर्मात ती नाही, स्वतः विचारावी लागते. लॅबवाले 'कॅन्सर पॅकेज' म्हणून रक्तातल्या कॅन्सरच्या खुणांच्या (मार्कर) तपासण्या विकतात, त्याला पैसे घालू नका.

हे सगळं काही त्रास नसताना. पाळी गेल्यावर रक्त, शौचातून रक्त, छातीत गाठ असं काही असेल तर शिबिराची तारीख कसली बघता? दुसऱ्या दिवशी सकाळी पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात.

उपकेंद्रातली तपासणी फुकट आहे. चिठ्ठी कन्नडमध्ये मिळते, ती वाचून घ्या, पाठीमागं मराठीत तारीख आणि पुढच्या खेपेचं वर्ष लिहा. माझी रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये आहे.