सोनचाफा, अनंत, मोगरा: हौसेची झाडं घरी फुलवताना

नर्सरीत फुलावर आलेलं सोनचाफ्याचं कलम दिसलं की हात आपोआप खिशाकडे जातो. जरा थांबा. ते झाड टिकणार की नाही हे तुमच्या गच्चीवर आधीच ठरलेलं असतं. त्यामुळे खरेदीच्या आधी घरी एक काम उरकायचं. सुट्टीच्या दिवशी सकाळी सातपासून संध्याकाळी पाचपर्यंत, कुंडी जिथे ठेवायची त्या जागी दर तासाला ऊन आहे की सावली, एवढंच कागदावर टिपून ठेवायचं.

आणि जानेवारीतली टिपणं मे महिन्यात चालत नाहीत. दक्षिणेच्या बाल्कनीत थंडीत ऊन पार आतपर्यंत येतं, मे महिन्यात मात्र कठड्यावरच थबकतं. उत्तरेच्या बाल्कनीची गोष्ट आणखी अवघड. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर दुपारचा सूर्य उत्तरेकडे झुकतो तो फक्त शून्य सावलीच्या (दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो त्या) दोन दिवसांच्या मधल्या काळात, म्हणजे साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत. त्यातलेही निम्म्याहून जास्त दिवस ढगांत जातात. तिथे कितीही खत घातलं तरी मोगरा फुलत नाही. पानं हिरवीगार, वेलासारखी लांबलेली फांदी आणि कळी एकही नाही, अशी तक्रार असेल तर दहापैकी नऊ वेळा कारण उन्हाचंच असतं.

मोगऱ्याला रोज सहा तास थेट ऊन हवं. सोनचाफ्याला पाच-सहा. अनंताला सकाळचं चार तास पुरतं आणि दुपारी बाराच्या पुढे सावली मिळाली तर तो जास्त खूष असतो. सोनटक्क्याला तीन-चार तास ऊन आणि कायम ओलसर पाय. उत्तरेच्या बाल्कनीवाल्यांनी ब्रह्मकमळ लावावं. घरोघरी या नावाने जे वाढतं तो मेक्सिकोकडचा निवडुंग आहे, हिमालयातल्या खऱ्या ब्रह्मकमळाशी त्याचं नातं नाही. पण रात्री उमलणारं फूल तेवढंच देखणं, आणि कडक ऊन त्याला नकोच असतं. बकुळ आणि सुरंगी हे वृक्ष आहेत. जमीन असेल तरच त्यांच्या वाटेला जा, कुंडीत त्यांचा आणि आपला दोघांचाही छळ होतो.

दुसरी तपासणी पाण्याची. गिझरमध्ये किंवा चहाच्या पातेल्याच्या तळाशी पांढरा थर धरत असेल तर तुमच्या पाण्यात क्षार आहेत. बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यात ते बहुतेक असतातच. मोगरा हे सोसतो. सोनचाफा कुरकुरत सोसतो. अनंताला ते अजिबात सोसत नाही.

सोनचाफ्याचं कलम निवडताना

बियांपासून केलेल्या सोनचाफ्याला फूल यायला आठ-दहा वर्षंही लागतात, कलमाला वर्ष-दोन वर्षांत येतं. त्यामुळे आधी जोड, म्हणजे खालच्या रोपावर वरची फांदी जिथे बांधली ती जागा, शोधा. मातीपासून वीतभर उंचीवर खोडाला गाठ किंवा तिरकी खूण दिसते. खोड सरळसोट गुळगुळीत असेल तर ते रोप आहे, विकणारा काहीही म्हणो. जोडावरची प्लास्टिकची पट्टी अजून तशीच असेल आणि खोडात रुतायला लागली असेल तर घरी आणल्यावर ब्लेडने उभी चीर देऊन ती काढून टाका. जोडाच्या खालून फुटवा आला असेल तर तो खुंटाचा, म्हणजे खालच्या रोपाचा. कोवळा असतानाच अंगठ्याने मोडायचा. हे फुटवे राहिले तर वरचं कलम हळूहळू मान टाकतं आणि दोन वर्षांनी आपण खुंटाचंच झाड सांभाळत बसतो. कळ्यांनी लगडलेल्या कलमापेक्षा नवी पालवी फुटत असलेलं, फुलं नसलेलं कलम केव्हाही बरं.

आता मुळांचा गोळा. कोकणातून येणारी कलमं बहुतेक लाल जांभ्या मातीच्या गोळ्यात असतात आणि वाळल्यावर तो गोळा विटेसारखा होतो. हाच गोळा तसाच उचलून कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) भुसभुशीत मिश्रणात ठेवला की रोज घातलेलं पाणी गोळ्याला वळसा घालून खाली निघून जातं. वरची माती ओली, ताटलीत पाणी, आणि झाड आतून तहानलेलं. पंधरा दिवसांत पानं गळतात आणि आपण समजतो पाणी जास्त झालं. हे टाळायला लावण्याआधी पिशवीसकट गोळा बादलीभर पाण्यात बुडवा. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं. मग पिशवी बाजूने ब्लेडने कापा, खोड धरून ओढू नका. गोळ्याची बाहेरची बोटाच्या पेराएवढी माती हलक्या हाताने सैल करा आणि तळाशी गोल फिरलेली मुळं असतील तर तेवढी कात्रीने कापा. पूर्ण गोळा मात्र फोडायचा नाही, कलम मरतं.

ड्रम आणि माती

सोनचाफ्याला 200 लिटरचा प्लास्टिकचा ड्रम आडवा अर्धा कापून घ्या. अनंताला आणि मोगऱ्याला 14 ते 16 इंची कुंडी पुरते. ड्रमला भोकं तळाला पाडण्याची सवय असते, पण सपाट गच्चीवर ती लगेच बुजतात. चार-पाच तळाला आणि तेवढीच बाजूला, तळापासून दोन बोटं वर, असं करा. खाली तीन विटा. ओल्या मातीचा अर्धा ड्रम दीडशे किलोच्या घरात जातो, म्हणून तो स्लॅबच्या मधोमध न ठेवता तुळईच्या रेषेवर किंवा भिंतीलगत ठेवायचा.

अर्ध्या ड्रमला साधारण आठ घमेली मिश्रण लागतं: चार घमेली लाल किंवा पोयट्याची माती, दोन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत, एक घमेलं धुतलेलं कोकोपीट, एक घमेलं जाड वाळू किंवा विटांचा बारीक चुरा, आणि वरून अर्धा किलो निंबोळी पेंड. काळी माती घेऊ नका. पावसात चिखल होते आणि मार्चमध्ये भेगाळून मुळं तोडते. शेणखत चाळून, पसरून, एक-दोन दिवस उन्हात ठेवा. अर्धवट कुजलेल्या खतातूनच हुमणीच्या पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या घरी येतात. त्या मुळं खातात आणि झाड अचानक कोमेजतं, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

लावताना जोड मातीच्या चार बोटं तरी वर राहिला पाहिजे. काठापासून दोन इंच जागा पाण्यासाठी सोडा. काठीचा आधार लगेच द्या, वाऱ्याने कलम हललं की नवी मुळं तुटतात. एप्रिल-मे सोडून कधीही लावता येतं. कोकणात मात्र जुलैच्या धो-धो पावसात लावू नये. जूनचा पहिला पाऊस गाठावा किंवा सरळ गणपतीनंतर लावावं.

पहिल्या तीन-चार महिन्यांत येणाऱ्या कळ्या खुडा. जिवावर येतं, पण खुडा. झाड अडीच-तीन फुटांचं झालं आणि जोमाने वाढायला लागलं की शेंडा छाटा म्हणजे बाजूच्या फांद्या फुटतात. पुढे दरवर्षी बहर ओसरल्यावर छाटून उंची पाच-सहा फुटांत ठेवायची, नाहीतर फुलं काढायला शिडी लागते. फुलं झाडावरच राहिली तर त्यांचे फळांचे घोस धरतात आणि झाडाची ताकद त्यात जाते. घोस दिसले की काढून टाका.

पानं पिवळी पडली की लोक खताचं पोतं शोधतात. आधी कोणती पानं पिवळी ते बघा. खालची जुनी पानं फेब्रुवारी-मार्चमध्ये पिवळी होऊन गळत असतील तर ती पानगळ, काही करायचं नाही. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडतंय. मातीत लोह असतं, पण क्षारांमुळे मुळांना ते घेता येत नाही. पाकिटावर 'ईडीडीएचए' लिहिलेलं चिलेटेड आयर्न, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपातलं लोह, घ्या. एक लिटर पाण्यात 1 ग्रॅम, अर्ध्या ड्रमला असं दोन लिटर पाणी संध्याकाळी मुळाशी. स्वस्तातलं 'ईडीटीए' चुनखडीच्या मातीत टिकत नाही. जुनी पिवळी पानं पुन्हा हिरवी झाली नाहीत तरी चालेल, नवीन पालवी हिरवी येतेय का ते बघायचं.

अनंत रुसतो तेव्हा

अनंताची नेहमीची तक्रार एकच: कळ्या टपोऱ्या होतात आणि उमलायच्या आधी पिवळ्या पडून गळतात. कळ्या धरल्यावर कुंडीची जागा बदलली किंवा माती एकदा कडक वाळून मग भरपूर पाणी दिलं की हमखास हे होतं. कळ्यांच्या दिवसांत बोटाचं पहिलं पेर ओलं लागेल इतकी ओल कायम राहू द्या. त्याला आम्ल माती लागते, त्यामुळे पावसाचं पाणी साठवता आलं तर ते पहिलं अनंताला. कुंडीत तीन महिन्यांनी चमचाभर गंधक भुकटी मातीत मिसळली तर हळूहळू फरक पडतो, आठवड्यात नाही. चहाच्या चोथ्याने माती आम्ल होते हा गैरसमज आहे. वापरलेल्या पत्तीत तसं फारसं काही उरत नाही, आणि आपल्याकडचा चोथा दूध-साखरेचा, त्याला मुंग्या आधी येतात. टाकायचाच तर धुऊन, वाळवून टाका.

मोगऱ्याची छाटणी

मोगरा नव्या फुटीच्या टोकाला फुलतो, त्यामुळे छाटणी टाळली की फुलंही टळतात. जानेवारीच्या मध्यावर आठ-दहा दिवस पाणी अगदी कमी करा. महिनाअखेरीस झाड निम्म्यावर छाटा, वाळक्या आणि काडीसारख्या बारीक फांद्या मुळापासून काढा, उरलेली पानं हाताने ओरबाडून टाका. वरची दोन इंच माती उकरून काढा आणि त्या जागी दोन ओंजळी शेणखत, एक मूठ निंबोळी पेंड घाला. नवी फूट दिसेपर्यंत पाणी बेताने, मग रोज. मार्चमध्ये कळ्या दिसायला लागतात. प्रत्येक बहर संपला की सुकलेल्या फुलाखालची पानांची दोन जोडपी कापून टाका, दुसरा बहर लवकर येतो. युरिया घालू नका, नुसता पाला वाढतो.

मे महिन्यात पानं राखट, ठिपकेदार दिसली तर पानामागे लाल कोळी ही बारीक कीड असते. पाइपच्या जोरदार पाण्याने पानांची खालची बाजू दोन दिवसाआड धुतली की ती आटोक्यात येते. कळ्या जांभळट होऊन जाळीने एकमेकींना चिकटल्या असतील तर आत अळी आहे. तशा कळ्या खुडून साबणाच्या पाण्यात टाका, कुंडीखाली पडलेल्याही उचला. मग कडुनिंबाचं तेल 5 मिली आणि भांडी घासायचा पातळ साबण 2 मिली आधी एकत्र घोटून, त्यात लिटरभर पाणी हळूहळू ओतून संध्याकाळी फवारा. तेल पाण्यावर तरंगताना दिसलं तर पुन्हा घोटा, तसंच फवारलं तर पानं भाजतात. आठवड्याने आणखी एकदा.