रेकमेंडेशन लेटर आदल्या दिवशी मागताय? या चुका टाळा

"मॅडम, उद्या लास्ट डेट आहे, रेकमेंडेशन लेटर मिळेल का?" दर वर्षी असा एक तरी मेसेज येतोच. नाव वाचते, चेहरा काही आठवत नाही. दोनशे जणांच्या वर्गात मागे बसून, लेक्चर संपताच बस गाठायला पळणाऱ्याचा चेहरा आठवणार तरी कसा? पत्र देतेही कधी कधी. पण त्यात 'मेहनती, प्रामाणिक, नियमित' यापलीकडे काय लिहिणार? असली पत्रं निवड समितीला पहिल्या ओळीतच कळतात.

मोठ्या शहरी विद्यापीठात मुलं मार्कांपेक्षा इथेच जास्त अडकतात. तीन वर्षं संपतात आणि आपलं काम जवळून पाहिलेला एकही शिक्षक नसतो. दर सेमिस्टरला निदान एका शिक्षकांकडे शंका घेऊन जा. मात्र शंका नेमकी हवी. 'युनिट तीन समजलं नाही' म्हटलं की सांगणाराच गडबडतो. 'या गणितात दुसऱ्या पायरीला चिन्ह का बदललं?' विचारलं की गप्पा सुरू होतात.

पत्र मागायचं तर तीन-चार आठवडे आधी मागा. सोबत रेझ्युमे, कुठे अर्ज करताय ते, आणि त्यांच्याच विषयात केलेला प्रोजेक्ट जोडा. मुदत खरोखर उद्यावर आली असेल, तर आधी प्रवेश विभागाला विचारा. काही ठिकाणी अर्ज वेळेत असला की पत्र मागाहून चालतं.

रेझ्युमेत दोन कॉलम, आयकॉन आणि 'एक्सेल 80 टक्के' असे रंगीत पट्टे नकोत. (80 टक्के एक्सेल म्हणजे नक्की किती, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.) पीडीएफमधला मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकून बघा. तिथे ओळींचा काला झाला, तर अर्ज चाळणाऱ्या सॉफ्टवेअरलाही तसाच दिसण्याची शक्यता आहे. 'ग्रुप प्रोजेक्टमध्ये सहभाग' ही ओळ तर काढाच. 'चौघांच्या गटात 120 सर्व्हे फॉर्ममधल्या चुका मी शोधल्या' असं, तुम्ही स्वतः काय केलंत ते लिहा.

आणखी एक चूक म्हणजे नोकरीची चौकशी फक्त आपल्या कट्ट्यावर करणं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये एक पाहणी मांडली होती. ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी 16.7 टक्केच त्या ओळखीच्या माणसाला आठवड्यातून दोनदा किंवा जास्त भेटत होते. बाकीच्यांना खबर मिळाली ती अधूनमधून, नाहीतर क्वचितच भेटणाऱ्यांकडून. कट्ट्यावरच्या मित्रांना जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतंच. तेव्हा दोन वर्षं पुढे असलेल्या, नुसत्या तोंडओळखीच्या सीनियरला मेसेज करायला लाजू नका. 'जॉब आहे का?' नको, 'तुमच्या कामात दिवसभर काय करावं लागतं?' असं विचारा.

आणि पत्र घेतलंत तर पुढे काय झालं ते कळवा. मी पत्र दिलेल्या एका मुलीला प्रवेश मिळाल्याचं मला एकदा दुसऱ्याच विद्यार्थ्याकडून कळलं. वर्षभराने तीच मुलगी स्कॉलरशिपसाठी पत्र मागायला आली, तेव्हा दोघीही अवघडून गेलो.