स्प्रिंग कलेक्शन, चैत्राचं ऊन आणि स्टायलिस्टचं काम

स्टायलिंगमध्ये यायचंय म्हणून फोन करणाऱ्या मुलींचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो, "ताई, यंदा ट्रेंडमध्ये काय आहे?" मी मुंबईत ऑनलाइन ब्रँडच्या कॅटलॉग शूटसाठी कपड्यांचं स्टायलिंग करते, खासगी क्लायंटचं कामही घेते, आणि वर्षातला बराच वेळ उन्हाळ्याच्या ड्रेस आणि टॉप्समध्येच जातो. ट्रेंड कुणालाही मोबाईलवर दिसतो. सेटवर किंवा ट्रायल रूमच्या बाहेर उभं राहिल्यावर मात्र हातातलं कापड कसं वागणार आहे, एवढंच कामाला येतं. नव्याने येणाऱ्यांनी सुरुवात तिथून करावी, म्हणून हे लिहिते आहे.

आधी कॅलेंडर समजून घ्या. न्यूयॉर्क, लंडन, मिलान, पॅरिस इथे स्प्रिंगचे फॅशन शो आदल्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होतात. आपल्याकडच्या ब्रँडची स्प्रिंग-समरची बरीच शूट्स डिसेंबर-जानेवारीत उरकतात आणि हिवाळ्याचा सेल संपत आला की नवा माल दुकानात लागतो. म्हणजे आपण थंडीत बसून एप्रिलचे कपडे ठरवत असतो. त्यात पॅरिसचा वसंत गार असतो. तिथल्या फोटोत ड्रेसवर ट्रेंच कोट असतो, खाली बूट असतात, टॉपवर कार्डिगन असतं. आपल्याकडे पाडव्याला पुण्यात दुपारचं घराबाहेर पडवत नाही आणि चैत्र संपेपर्यंत विदर्भात पारा चाळिशी ओलांडतो. त्या फोटोंतून रंग घ्या, बाहीचा आकार घ्या, गळा घ्या, लांबी घ्या. थरावर थर घालायची पद्धत तिथेच राहू द्या.

एक उदाहरण देते. २०२४ मध्ये शेमेना कमाली यांनी क्लोए या फ्रेंच ब्रँडसाठी पहिलं कलेक्शन दाखवलं आणि झालरी, लेस, पातळ झुळझुळीत ब्लाउज असा बोहो प्रकार पुन्हा सगळीकडे दिसायला लागला. आपल्या बाजारात तो आला तेव्हा बऱ्याच ठिकाणी पॉलिएस्टर जॉर्जेटमध्ये आला, कारण ते स्वस्त पडतं आणि छपाई उठून दिसते. फोटोत टॉप सुंदरच दिसतो. पण मे महिन्यात लोकलने ऑफिसला जाणारी बाई तो दुसऱ्यांदा घालत नाही. तीच झालर, तेच टक (शिवलेल्या बारीक चुण्या) मलमल किंवा कॅम्ब्रिकमध्ये असतील तर टॉप सीझनभर कपाटाच्या पुढच्या रांगेत राहतो. क्लायंटसाठी खरेदी करताना मी आधी आतलं लेबल उलटून कापड वाचते, मग किंमत बघते.

मी इचलकरंजीची. आमच्या गल्लीत माग चालायचे, त्यामुळे पन्हा (कापडाची रुंदी), ताणा-बाणा (उभे-आडवे धागे) हे शब्द लहानपणीच कानावर पडले. तुमचं तसं नसेल तर मुंबईत मंगलदास मार्केट आणि दादरचं हिंदमाता, पुण्यात लक्ष्मी रोड, अशा ठिकाणी काही न घेता नुसतं कापड हाताळत फिरा. दुकानदाराची गर्दीची वेळ टाळून गेलात तर तो आनंदाने सांगतो. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. मलमल साधारण साठ-सत्तरच्या आसपास, पॉपलीन शंभरच्या वर, जीन्सचं जाड डेनिम तीनशेच्याही पुढे. हे आकडे पाठ करायची गरज नाही. एकाच सकाळी तिन्ही कापडं हातात धरली की बोटांना फरक कळायला लागतो.

कुठलाही ड्रेस हातात आला की मी ठरावीक गोष्टी करते. एक कोपरा मुठीत घट्ट आवळून सोडते. लिननवर चुण्या तशाच राहतात, व्हिस्कोसवर कमी, क्रेपवर जवळपास नाहीतच. क्लायंट तासभर गाडीत बसून कार्यक्रमाला जाणार असेल तर निर्णय इथेच होतो. मग कापड उजेडाकडे धरून मागे हात ठेवते. बोटं वेगळी मोजता आली तर स्लिप, म्हणजे आत घालायचा पातळ कपडा, लागणार. मग खांद्यांना धरून ड्रेस हवेत सोडते. कापडाला फॉल, म्हणजे स्वतःच्या वजनाने खाली पडायचा गुण, असेल तर घेर अंगालगत सरळ खाली येतो. कडक असेल तर तंबूसारखा बाहेर उभा राहतो, आणि कमरेला जाड असलेल्या बाईला तो आणखी जाड दाखवतो. इंडिगो, अजरख, दाबू असं रंगवलेलं किंवा ठशाने छापलेलं काही असेल तर ओला पांढरा रुमाल आतल्या शिवणीवर घासून बघते. रुमालाला निळं लागलं तर त्याच्याबरोबर पांढरी पँट किंवा फिकट रंगाची पर्स द्यायची नाही. उन्हाळ्यात घाम येतो, आणि रंग घामातही उतरतो.

आता सेटवरचा पांढरा मलमलचा ड्रेस घ्या, कारण स्प्रिंग कलेक्शनमध्ये तो नसतो असं क्वचित होतं. बरेच नवे असिस्टंट त्याखाली पांढरी स्लिप देतात. लाइट लागला की ती पांढरी स्लिप ड्रेसमधून स्पष्ट कापलेली दिसते. स्लिप मॉडेलच्या त्वचेच्या रंगाची हवी, कडा शिवणीशिवाय, लांबी ड्रेसच्या अस्तराइतकीच. ड्रेस डोक्यातून घालण्याआधी मॉडेलच्या चेहऱ्यावर पातळ स्कार्फ टाकायचा, नाहीतर गळ्याला फाउंडेशन लागतं आणि तो पीस परत करता येत नाही. स्टीमर आतून फिरवायचा आणि योकपासून, म्हणजे खांद्याजवळच्या वरच्या भागापासून, खाली यायचं. झालरीला हाताने ताण देत वाफ द्यायची, दाबायची नाही, नाहीतर ती चपटी होते. कमरेत ड्रेस सैल असेल तर पाठीमागे मधोमध क्लिपा लावतो, पण पाठीचा फोटो असेल तर आतून टाका घालावा लागतो. मग दोन पावलं मागे येऊन फक्त घेराची खालची रेघ बघायची. ती पुढे-मागे एका पातळीत नसेल तर फोटोत ड्रेस तिरका शिवल्यासारखा दिसतो. बहुतेक वेळा कारण इतकंच असतं की मॉडेल एका पायावर भार टाकून उभी असते.

लांबीचं गणित ट्रेंडच्याही वरचं. मिडी ड्रेस मॉडेलच्या अंगावर ज्या ठिकाणी संपतो त्या ठिकाणी तो पाच फूट एक इंच उंचीच्या बाईवर संपत नाही. तिच्या पोटरीच्या सगळ्यात जाड भागावर तो येऊन थांबला की पाय आखूड दिसतात. तीन-चार इंच वर घ्या, गुडघ्याच्या जरा खाली, किंवा सरळ घोट्याच्या वर आणा. दोन्ही जागी पाय बारीक असतो, आणि ड्रेस तोच असून वेगळा दिसतो. टियरचा, म्हणजे आडवे थर जोडून केलेला, ड्रेस असेल तर सगळ्यात खालचा टियर उंच हवा की नाही हेही बघा. तीन सारखे टियर बुटक्या बांध्यावर अंगाचे तीन तुकडे करतात. यासाठी चांगला टेलर हाताशी हवा. महाग ड्रेस तसाच घेण्यापेक्षा साधा ड्रेस अल्टर करून घेतलेला केव्हाही सरस ठरतो, हे मी क्लायंटला पहिल्याच भेटीत सांगते.

टॉप्स मला ड्रेसपेक्षा अवघड वाटतात. ड्रेसमध्ये प्रमाण शिवणाऱ्याने ठरवलेलं असतं, टॉपमध्ये ते आपण ठरवायचं. टॉप जिथे संपतो तिथे बघणाऱ्याची नजर थांबते. पॉपलीनचा सैल शर्ट पूर्ण बाहेर सोडला तर ती रेघ नितंबाच्या रुंद भागावर पडते, पूर्ण आत खोचला तर पोटाभोवती कापडाचा गोळा होतो. म्हणून पुढच्या दोन बटणांइतकाच भाग खोचायचा, हात वर करून तो अर्धा इंच सैल होऊ द्यायचा आणि मागचा भाग मोकळा ठेवायचा. बाही कोपराखाली दोनदा दुमडली की मनगट दिसतं आणि सगळा भारदस्तपणा हलका होतो. पफ बाहीचा टॉप असेल तर खाली सरळ पँट द्या, वर-खाली दोन्हीकडे घेर नको. मलमलच्या टॉपला जाड डेनिम नेहमीच शोभतं असं नाही, वरचं कापड फारच हलकं पडतं. लिननची पँट किंवा पातळ चेंब्रेचा स्कर्ट देऊन बघा.

रंगांचं एक सांगते. पँटोन ही कंपनी दरवर्षी एक रंग जाहीर करते. २०२४ साठी पीच फझ (फिकट पीच) होता, २०२५ साठी मोका मूस (मऊ तपकिरी). २०२५ च्या वसंतात बटर यलो, म्हणजे लोण्यासारखा फिकट पिवळा, हाही सगळीकडे होता. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर हे तिन्ही रंग सपाट, गुळगुळीत कापडात चेहऱ्याजवळ आले की कधी कधी विरून जातात. त्यावर मला लागू पडलेला उपाय म्हणजे कापडाला पोत असलेलं निवडणं, डॉबी, शिफली, टक घातलेलं, आणि गळ्यापाशी एखादी ठळक गोष्ट देणं: ऑक्सिडाइज्ड चांदीचं, काळ्या मण्यांचं, गडद लाल लिपस्टिक. सावळ्या मुलीला फिकट रंग घालू नको म्हणणाऱ्या स्टायलिस्टचं ऐकू नका. तो सल्ला आळशीपणाचा आहे आणि त्याने मुलींची मनं दुखावतात. बटर यलोचा लिनन ड्रेस सावळ्या खांद्यांवर जसा उजळतो तसा दुसरीकडे क्वचितच उजळतो.

खासगी क्लायंटमध्ये मला सगळ्यात जास्त जीव लावून करावंसं वाटतं ते पंचेचाळीस-पन्नाशीच्या बायकांचं काम. आयुष्यभर साडी आणि पंजाबी ड्रेस घातलेला असतो, आता मुलीकडे परदेशी जायचं असतं किंवा मैत्रिणींबरोबर गोव्याला. दुकानात गेलं की त्या हळूच विचारतात, "बाही असलेलं काही मिळेल का गं? आणि ओढणीशिवाय उघडं उघडं नाही ना वाटणार?" तेव्हा त्यांना ट्रेंड सांगायचा नसतो. एका काकूंना मी रॅप ड्रेस, म्हणजे पुढून एकावर एक घेऊन कमरेला बांधायचा ड्रेस, दिला, तीन-चतुर्थांश बाहीचा, कॉटन व्हॉइलचा, गळ्याला आतून एक टिचबटण लावून. १९७४ मध्ये डिझायनर डायन फॉन फर्स्टनबर्ग यांनी हा ड्रेस लोकप्रिय केला, आणि तो आजही चालतो कारण पोट कमी-जास्त झालं तरी बांधणारी बाई स्वतः माप ठरवते. काकूंना कमरेला गाठ मारायची सवय साडी नेसण्यातून होतीच. ओढणीच्या जागी पातळ बिनबाह्यांचं लांब जॅकेट दिलं. आरशासमोर त्यांनी आधी खिसे आहेत का ते तपासलं, मग हसल्या.

आपल्याकडचं काही वापरायचं असेल तर खण बघा. गेल्या काही वर्षांत खणाचे ड्रेस आणि टॉप खूप आले. पण खण मुळात चोळीचं कापड, पन्हा लहान, हाताला कडक. पूर्ण घेराचा ड्रेस केला तर जोड फार येतात आणि उन्हात तो अंगाला जड होतो. योक, कफ, खिशाची पट्टी एवढ्यापुरता खण आणि बाकी मऊ सुती कापड, अशी जोडी पाडव्याच्या सकाळपासून संध्याकाळपर्यंत अंगावर घालता येते.

शिक्षणाबद्दल थोडक्यात. खारघरला निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेचं मुंबई केंद्र आहे; तिथल्या चार वर्षांच्या डिझाइन पदव्यांपैकी फॅशन कम्युनिकेशन हा विषय स्टायलिंगच्या जवळचा. एसएनडीटी महिला विद्यापीठासारख्या ठिकाणीही वस्त्रशास्त्राचं चांगलं शिक्षण मिळतं. फी परवडत नसेल किंवा गाव सोडता येत नसेल तर आयटीआयचा एक वर्षाचा शिवणकामाचा ट्रेड कमी समजू नका. डार्ट (आकारासाठी शिवलेली चुणी) कुठे असतो, बाही कशी बसते, शिवणीत किती माया (जास्तीचं कापड) सोडली आहे, हे कळणारी असिस्टंट सेटवर लगेच लक्षात येते, कारण ड्रेस कुठे सैल करता येईल हे ती बघून सांगते.

पहिली एक-दोन वर्षं काम म्हणजे बॅगा उचलणं, स्टीमर, सोर्सिंग (कपडे शोधून आणणं) आणि ते कपडे परत करणं. दुकानातून किंवा डिझायनरकडून घेतलेला प्रत्येक पीस घेताना सर्व बाजूंनी फोटो काढा, डाग असेल तर समोरच दाखवा, टॅग न तोडता आत दुमडून ठेवा, बुटांच्या तळव्यांना टेप लावा. किटमध्ये सगळ्या मापांच्या पिना, दुहेरी टेप, क्लिपा, लिंट रोलर, उसवणी, काळा-पांढरा-बिस्किटी दोरा आणि दोन-तीन त्वचारंगी स्लिप एवढं हवंच. पैशांचं बोलणं कामाआधी, आणि लेखी. एका प्रॉडक्शनने माझे पैसे कित्येक महिने अडकवले होते. हातात फक्त फोनवरचा शब्द होता. तेव्हापासून दिवसाचा दर, जेवण, प्रवास आणि पैसे कधी मिळणार हे मेसेजमध्ये मान्य झाल्याशिवाय मी बॅग भरत नाही. पॅन कार्ड आणि बिलाचा नमुना तयार ठेवा, टीडीएस (आधीच कापलेला कर) वजा होऊन पैसे येतात त्याची नोंद ठेवा.

पोर्टफोलिओसाठी महागडे कपडे लागत नाहीत. एक पांढरा शर्ट, एक सुती मिडी, एक खणाचा टॉप घ्या आणि तेच तीन कपडे तीन वेगवेगळ्या उंचीच्या आणि वयाच्या बायकांवर स्टाइल करा: तुमची बहीण, शेजारच्या ताई, आई. प्रत्येकीसाठी काय बदललं आणि का बदललं हे फोटोखाली दोन ओळींत लिहा. मी असिस्टंट निवडते तेव्हा त्या दोन ओळी आधी वाचते.