सूर्यनमस्कारात श्वास का तुटतो? शिकवणाऱ्यांनी आणि शिकणाऱ्यांनी या चुका टाळा

पहिली दोन-तीन आवर्तनं सगळ्यांचीच छान होतात. चौथ्या-पाचव्याला मागच्या ओळीत कुणाचं तरी तोंड उघडतं, खांदे कानांकडे चढतात, आणि आकडे मात्र त्याच वेगाने पुढे जात राहतात. अशा वेळी ‘स्टॅमिना वाढवायला हवा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. पण बहुतेकदा अडचण दमाची नसतेच. श्वास आणि हालचाल यांची फारकत झालेली असते, आणि तिचं कारण पुष्कळदा शिकवणाऱ्याच्या आवाजात सापडतं.

याला थोडा इतिहासही आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा हिरिरीने प्रसार केला, संस्थानातल्या शाळांमध्ये तो नेला. महाराष्ट्रात पिढ्यानपिढ्या तो मैदानावर, रांगेत, आकड्यांवर शिकला गेला. तिकडे म्हैसूरच्या राजवाड्यातल्या योगशाळेत १९३० च्या दशकात टी. कृष्णम्माचार्य हालचाल श्वासाला बांधून शिकवत होते. आजच्या विन्यास वर्गांचं (श्वासाच्या लयीवर आसनांची साखळी करणाऱ्या वर्गांचं) मूळ तिथे आहे. आपल्या वर्गांत हे दोन्ही वारसे एकत्र नांदतात. मात्र दोघांत ओढाताण झाली की आकडा जिंकतो आणि श्वास मागे राहतो.

सूचना उशिरा देणं, उलट्या क्रमाने देणं

‘हात वर... आणि श्वास घ्या’ असं सांगितलं की ऐकणाऱ्याचे हात आधी वर जातात, मग तो घाईने हवा ओढतो. तेच ‘श्वास घेत हात वर’ असं म्हणा. श्वास आधी सुरू होतो, हात त्याच्या मागून निघतात. सूचना आधीचा श्वास संपत असताना यायला हवी. स्थिती बदलून झाल्यावर आलेल्या सूचनेचा काहीच उपयोग नसतो.

मंत्राच्या वेळची चूक तर फारच थोड्यांच्या लक्षात येते. शिक्षक ‘ॐ मित्राय नमः’ म्हणतात, वर्ग मागून म्हणतो, आणि वर्गाचं ‘नमः’ अजून ओठांवर असतानाच शिक्षकांचा ‘एक’ येतो. मंत्र म्हणताना श्वास बाहेर जात असतो. तो पुरता संपायच्या आत हात उचलायला लावले, तर त्या आवर्तनातला पहिलाच पूरक, म्हणजे आत घेतलेला श्वास, अर्धवट होतो आणि पुढची प्रत्येक स्थिती त्या उसन्या श्वासावर चालते. वर्गाचा आवाज थांबेपर्यंत थांबा, मग ‘एक’ म्हणा. एवढ्या एका बदलाने वर्गाचा चेहरामोहरा पालटतो.

सगळ्यांना एकाच श्वासात बसवणं

एकाच वर्गात कॉलेजातली मुलं असतात, गुडघे दुखणाऱ्या काकू असतात, निवृत्त झालेले आजोबा असतात. ‘सर्वांसाठी’ असं फलकावर लिहून सगळ्यांना शिक्षकांच्या श्वासाच्या लांबीने चालवलं, तर तो वर्ग शिक्षकांसारख्या दोघा-चौघांचाच उरतो. आसन सोपं करून देणं सगळ्यांना सुचतं: गुडघे वाकवा, हात खुर्चीवर किंवा भिंतीवर ठेवा. हे करायलाच हवं. पण श्वासही सोपा करून द्यावा लागतो, आणि तेच राहून जातं. ‘इथे एक जास्तीचा श्वास घेतला तरी चालेल’ हे वाक्य प्रत्येक आवर्तनात एकदा तरी कानावर पडू द्या.

आणखी एक उपाय मला फार मोलाचा वाटतो. पहिली दोन-तीन आवर्तनं आवाजावर घ्या, मग ‘आता आपापल्या श्वासाने’ असं सांगून गप्प व्हा. कुणाची तीन होतील, कुणाची सहा. रांग विस्कटलेली दिसेल, दिसू द्या. त्या शांततेतच तुम्हाला वर्गात फिरून कुणाचा श्वास कुठे अडतो ते पाहता येतं.

नेमका कुठे अडतो?

सर्वात जास्त दंडासनात, म्हणजे तळहात आणि पायाच्या बोटांवर शरीर फळीसारखं सरळ धरतो त्या स्थितीत. हातांवर भार आला की माणूस नकळत श्वास धरतो. समोरून ते कळत नाही. बाजूला उभं राहून खालच्या बरगड्या पाहा: हलत नसतील, जबडा आवळलेला असेल, गळ्याच्या शिरा ताठ दिसत असतील, तर श्वास कोंडला आहे. अनेक पाठांत या स्थितीत कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, सांगतात. मुरलेल्या साधकाला तो जमतो, पण नवख्याला मुळीच देऊ नये. जोर लावून श्वास धरला की रक्तदाब चढतो. त्यामुळे रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी कुंभक टाळायलाच हवा. त्यांना दंडासनात सावकाश श्वास सोडू द्या, हवं तर गुडघे टेकवू द्या.

दुसरी अडण्याची जागा भुजंगासन. इथे हातांनी जमीन रेटून छाती वर ढकलली जाते, मान मागे पडते आणि श्वास घशातच अडकतो. तपासणी सोपी आहे: वर गेल्यावर तळवे क्षणभर जमिनीपासून उचला. छाती जेवढी वर टिकेल, तेवढीच उंची आज तुमची. कोपरं वाकलेली ठेवा, श्वास सुरू झाल्यावरच छाती उचला. पर्वतासनात जाताना पूरक पूर्ण होऊ द्या, मग कंबर उचला.

उज्जायीबद्दल, म्हणजे घसा किंचित आकसून घेतलेल्या हलक्या आवाजाच्या श्वासाबद्दल, थोडक्यात. तो आवाज स्वतःला ऐकू आला की पुरे. शेजारच्या मॅटपलीकडे जात असेल तर घसा आवळला जातोय. आरशावर वाफ सोडल्यासारखा ‘हा’ करा आणि मग तोंड मिटून तोच स्पर्श ठेवा.

चक्कर आली तर

‘दीर्घ श्वास घ्या’ ही सूचना इथे तोंडात बसलेली असते, आणि पुष्कळदा तीच घातक ठरते. ओठांभोवती किंवा बोटांत मुंग्या येत असतील, डोकं हलकं वाटत असेल, तर गरजेपेक्षा जास्त श्वासोच्छ्वास झाल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झालेला असू शकतो. अशा माणसाला आणखी खोल श्वास घ्यायला लावलं तर त्रास वाढतो. बसवा, नेहमीसारखा संथ श्वास चालू द्या.

पादहस्तासनातून (उभ्याने पुढे वाकून हात पायांशी नेलेल्या स्थितीतून) झटकन वर येताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर ते रक्तदाबाचं काम आहे. गुडघे वाकवून, मधे थांबून, एका अख्ख्या पूरकात वर यायला शिकवा. काचबिंदू असलेल्यांनी डोकं खाली जाणाऱ्या स्थिती टाळाव्यात. छातीत दुखलं, धाप बसेना, तर थांबवून सरळ डॉक्टरांकडे पाठवा. आणि भरल्या पोटी कुणालाच उभं करू नका, जेवणानंतर तीन-चार तास जायला हवेत.

मधेच श्वास तुटला तर आवर्तन रेटून पूर्ण करण्याची सवय आपल्याकडे घट्ट आहे, रथसप्तमीच्या सामूहिक कार्यक्रमांत तर विशेषच. तसं करू नका. असाल तिथून बालासनात (गुडघ्यांवर बसून पुढे वाकून विसावण्याच्या स्थितीत) या, तीन-चार सहज श्वास घ्या, उठून प्रणामासनात, हात जोडून, उभे राहा आणि पुढचं आवर्तन वर्गासोबत धरा. शिक्षकांनी हे कार्यक्रमाच्या आधीच माइकवरून सांगून ठेवावं, म्हणजे थांबणाऱ्याला संकोच वाटणार नाही.